संध्याकाळचा भाव

पुण्यातल्या आमच्या वाड्यात मंडईतून परतणाऱ्या बाईला जिन्यातच प्रश्न यायचा, "केवढ्याला पडलं?" आई पिशवी पायरीवर टेकवून उत्तर द्यायची आणि मग दोघीतिघींत त्या भावावर चर्चा व्हायची. आई शाळेत शिकवायची. शाळा सुटली की बस धरून ती थेट महात्मा फुले मंडईत जायची. त्या अष्टकोनी इमारतीच्या बाहेर जमिनीवर पोती पसरून बसलेल्या बायकांची तेव्हा आवराआवर सुरू झालेली असायची. सकाळी ताठ असलेल्या मेथीच्या जुड्यांनी माना टाकलेल्या असायच्या. आई जुडी उचलायची, देठ नखानं मोडून बघायची, पाल्याच्या आत बोटं घालून कुजकी पानं आहेत का ते चाचपायची आणि मगच भाव विचारायची. घरी येताना मला सांगायची, "सकाळी गिऱ्हाईक अडलेलं असतं, संध्याकाळी माल अडलेला असतो. घाई नसेल तर संध्याकाळी जावं."

हे वाक्य मला गेल्या वर्षी, आईसाठी विमानाचं तिकीट शोधताना, रोज आठवत होतं.

आई सत्याहत्तर वर्षांची. कमरेच्या मणक्यांची झीज झालेली. तासभर बसली की पाय बधिर होतो, मग पाठ टेकून सरळ पडावं लागतं. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, न्यू जर्सीत एडिसनला राहते. मावशीचं डायलिसिस आठवड्यातून तीन दिवस असतं, तिला आता इकडे येता येणार नाही. दोघी बहिणी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात. एकदा बोलता बोलता मावशी म्हणाली, "ताई, या फोनमध्ये तुझा हात धरता येत नाही गं." त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "सोळा तास बसून जाणं मला मान्य नाही. आडवं व्हायला मिळणार असेल तर खुशाल जाऊ द्या."

२००९ मध्ये आई बाबांबरोबर एकदा जाऊन आली होती, मागच्या साध्या वर्गातून. तिथे पोहोचल्यावर चार दिवस ती अंथरुणातून उठली नव्हती. तेव्हा तिची पाठ आजच्यापेक्षा पुष्कळ बरी होती.

आडवं व्हायला मिळणं ही विमानातली तशी अलीकडची सोय. १९९०च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश एअरवेजनं फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग आणला आणि २००० मध्ये तो बिझनेस क्लासमध्येही दिला. त्याआधी बहुतेक विमानांत पुढच्या वर्गातही ऐसपैस खुर्चीच असायची, ती मागे रेलायची इतकंच. पलंग बिझनेसमध्ये आल्यावर कित्येक कंपन्यांनी फर्स्ट क्लास बंदच करून टाकला. आता तो एमिरेट्स, सिंगापूर, लुफ्तान्सा, स्विस, एअर इंडिया अशा मोजक्या कंपन्यांच्या ठरावीक विमानांत उरला आहे. मी शोधायला बसले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या वर्गात पलंग असतो एवढंच ऐकून होते. संकेतस्थळावर पहिल्यांदा मुंबई ते न्यूयॉर्क फर्स्ट क्लासचा परतीचा भाव पाहिला तो सात लाखांच्या वर होता. आईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "एवढ्या पैशांत माणूस घर दुरुस्त करतो. मी काही जात नाही." तिचा नकार पैशांना होता, जाण्याला नव्हता, आणि तेवढ्याच धाग्याला धरून मी आठ महिने काढले.

विमानाची जागा म्हणजे मेथीची जुडीच, हे मला आधी कळलं. दार लागलं, विमान सुटलं की रिकाम्या राहिलेल्या जागेची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही, शीतगृहात ठेवता येत नाही. मग शेवटच्या दिवशी ती स्वस्त व्हायला हवी, असं मी धरून चालले होते. उड्डाण जवळ येईल तसा भाव चढताना दिसला तेव्हा मी चक्रावले.

कारण शोधताना केन लिटलवूड हे नाव भेटलं. ते बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत होते. १९७२ मध्ये त्यांनी एक साधा नियम मांडला. पूर्ण भाव शंभर आहे आणि सवलतीचा भाव साठ आहे, असं समजा. आज साठ देणारा समोर उभा आहे. उद्या शंभर देणारा येईल ही शक्यता शंभरात साठपेक्षा कमी वाटत असेल, तर आजच विकावं. जास्त वाटत असेल तर जागा राखून ठेवावी. आजची सगळी तिकीटविक्री या नियमाच्या वंशातली आहे. शंभर देणारा जो शेवटी येतो तो कंपनीच्या कामानं निघालेला असतो. त्याची बैठक परवा असते, पैसे त्याच्या खिशातले नसतात. विमानाच्या बाजारात गिऱ्हाईक शेवटच्या दिवशी अडलेलं असतं, म्हणून तिथे संध्याकाळीच भाव चढतो.

तरी रोज काही जागा रिकाम्या राहतातच. त्या उघडपणे स्वस्त केल्या तर पुढच्या वेळी सगळेच शेवटपर्यंत थांबतील, हे कंपनी जाणून असते. म्हणून उरलेला माल ती आडबाजूला विकते. विमानालाही संध्याकाळ असते, फक्त ती घड्याळावर दिसत नाही. ती कुठे होते हे शोधणं, हीच या धंद्यातली खरी मेहनत.

एक संध्याकाळ ऋतूची. ऑगस्टमध्ये आणि नाताळाच्या आठवड्यांत युरोप-अमेरिकेतले कामानिमित्त फिरणारे प्रवासी घरी असतात. मागचा वर्ग सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांनी भरून वाहतो, पण पुढचा ओस पडतो, आणि त्या काळासाठी बिझनेसची सवलत काही महिने आधी निघते.

दुसरी संध्याकाळ गावाची. तिकिटाचा भाव अंतरावर ठरत नाही, प्रवास कुठून सुरू होतो आणि तिथल्या लोकांना काय परवडतं यावर ठरतो. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं तिकीट कैरोहून किंवा कोलंबोहून सुरू झालेलं असेल तर ते निम्म्यानं स्वस्त असू शकतं. थेट विमानापेक्षा मध्ये उतरून जाणारं स्वस्त, तेही याच न्यायानं. थेट जाणाऱ्याला घाई असते आणि घाईची किंमत वेगळी लावलेली असते. पण कोलंबोच्या तिकिटासाठी आधी स्वतःच्या खर्चानं कोलंबोला जावं लागतं. पहिला टप्पा गाळून मध्येच चढू म्हटलं तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. आधीचं विमान उशिरा पोहोचलं तर पुढची कंपनी जबाबदार नाही. तिशीतल्या माणसानं हे जरूर करावं. आईच्या पाठीला तो एक फेरा झेपला नसता.

तिसरी संध्याकाळ माइल्सची, म्हणजे विमान कंपनी प्रवासाबद्दल खात्यात जमा करते त्या गुणांची. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली, आणि आज हे माइल्स विमानात न बसताही साठतात. माझ्या कार्डावर किराणा, वीजबिल, मुलाची फी यांचे पॉइंट बारा वर्षं पडून होते. ते विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्यातली मेख अशी की कंपन्या एकमेकींच्या भागीदार असतात. स्टार अलायन्स या गटात १९९७ पासून लुफ्तान्सा आहे, २०१४ पासून एअर इंडिया आहे. एकीच्या माइल्सवर दुसरीच्या विमानात जागा मिळते, आणि एकाच जागेला कुठल्या खात्यातून किती माइल्स लागतात यात जमीनअस्मानाचा फरक असतो. कुणी वर इंधनाचा अधिभार लावतं, कुणी लावत नाही. मी वहीत रकाने आखले. आई मंडईचा हिशेब लिहायची तशीच ती वही दिसू लागली.

माल चाचपूनही बघायला शिकले. बिझनेस म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जुन्या आसनांचा पलंग सपाट होत नाही, उतरता राहतो, माणूस रात्रभर पायाकडे घसरत राहतो. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानांत ज्याला फर्स्ट म्हणतात ती बहुतेकदा जरा रुंद खुर्ची असते. म्हणून नुसत्या वर्गाच्या नावावर न जाता विमानाची जात आणि आसनांचा नकाशा पाहायचा.

सप्टेंबरमधल्या एका रात्री, साडेबाराच्या सुमारास, माझ्या पडद्यावर आग्नेय आशियातल्या एका शहरातून अमेरिकेचा फर्स्ट क्लासचा भाव झळकला. परतीचे पासष्ट हजार रुपये. छातीत धडधडायला लागलं. कोणाच्या तरी हातून एक शून्य निसटलं होतं हे उघड होतं. अशा चुका होतात. २०१९ च्या पहिल्या दिवशी कॅथे पॅसिफिकची व्हिएतनामहून न्यूयॉर्कची बिझनेस आणि फर्स्टची तिकिटं हजारो डॉलरऐवजी काही शे डॉलरला विकली गेली, आणि कंपनीनं ती मान्य केली. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटासची ऑस्ट्रेलिया ते अमेरिका फर्स्टची तिकिटं सुमारे तीनशे जणांनी मूळ भावापेक्षा कितीतरी खाली घेतली. त्यांना नंतर बिझनेसमध्ये जागा देऊ केली गेली. म्हणजे नशीब असेल तर निदान पलंग नक्की, असा हिशेब मी केला. त्या शहरापर्यंतचा फेरा आईला पेलवेल का, हा विचार त्या पासष्ट हजारांपुढे मनात आलासुद्धा नाही. तिला उठवलं.

ती चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "हा भाव त्यांनी ठरवून लावलाय की चुकून लागलाय?"

"चुकून."

"मग नको."

मी समजावलं. मोठ्या कंपन्या आहेत, त्यांना काही फरक पडत नाही, हजारो लोक घेत असतील. आई म्हणाली, "अगं, मंडईत त्या बाईनं अंधारात वीसऐवजी शंभराची नोट मला परत दिली होती, तेव्हा मी भर पावसात परत गेले होते. आठवतं ना? तू छत्री धरली होतीस." मला आठवत होतं. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिनं ती हातात घेतली होती. "तिच्याकडून उरलेली मेथी मी कमी भावात घेतली, ती तिनं मला खुशीनं दिली. दोघींचं काम झालं. पण तिची चूक मी कशी घेऊ? संध्याकाळचा भाव घ्यावा बाई. चुकीचा भाव घेऊ नये."

ती झोपायला गेली. मी पडदा मिटला. सकाळपर्यंत तो भाव गेला होता. ज्यांनी ती तिकिटं घेतली त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या रात्रीनंतर माझा शोध निवळला. आपल्याला काय हवं आहे हे नेमकं कळलं. कंपनीनं जाणूनबुजून, स्वतःच्या सोयीसाठी सोडलेली जागा, आणि तिच्यासाठी थांबायची आपली तयारी.

आईच्या मनात आणखी एक काटा होता, तो तिनं ऑक्टोबरमध्ये बोलून दाखवला. "आपल्या घरात कुणी कधी फर्स्टनं गेलं नाही." तिचं लहानपण रेल्वेच्या थर्ड क्लासमध्ये गेलं. १९७४ मध्ये तो वर्ग बंद झाला. नाव गेलं, पण दुसऱ्या वर्गातली लाकडी फळी होती तिथेच राहिली. १९७७ मध्ये कोकणचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फळीवर दोन इंचांचा फोम आला. पहिल्या वर्गाची सोय काढायची नाही, दुसऱ्याची वाढवायची, असं त्यांचं धोरण होतं. आई तेव्हा मला घेऊन रात्रीच्या गाडीनं प्रवासाला निघाली होती. "त्या गादीवर मी हात फिरवून पाहिला होता," ती म्हणाली, "वाटलं, कुणीतरी आपल्या पाठीचा विचार केला." मी म्हटलं, "आई, आत्ताही तेवढंच करतोय आपण. तुझ्या पाठीचा विचार." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग काढायला लावली.

परतीचं तिकीट मी आधीच घेऊन ठेवलं होतं, बिझनेसचं, सवलतीत, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारचं. जाण्याचं अडलं होतं. लुफ्तान्साच्या फर्स्टच्या जागा तेव्हा भागीदारांच्या माइल्सवर मिळायच्या, पण सहसा उड्डाणाच्या आधीच्या पंधरवड्यात. तोवर कंपनी रोख पैसे देणाऱ्याची वाट बघायची. ज्याला रजा मांडावी लागते, मुलांची शाळा पाहावी लागते, त्याला असं थांबणं जमत नाही. आईला जमत होतं. "मला काय, उद्या म्हणालीस तर उद्या," ती म्हणायची. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर धावलेल्या या बाईकडे आता वेळ होता, आणि या बाजारात तिच्याजवळची सर्वांत मोठी रक्कम तीच होती. पेन्शनीत निघालेल्या आपल्या आईवडिलांना आपण परवडत नाही म्हणून मागच्या रांगेत बसवतो, तेही ऐन मे महिन्यात, आपल्या सोयीनं, चढ्या भावात. त्यांचा मोकळा वेळ हेच त्यांचं धन आहे, हे आपण हिशेबात धरत नाही.

बॅग तीन आठवडे दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी होती. आत गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, मावशीसाठी मऊ सुती गाऊन. पथ्यामुळे मावशीला यातलं थोडंच चालणार होतं, तरी "वास तरी घेईल" म्हणून आईनं सगळं भरलं. दर चारपाच दिवसांनी ती बॅग उघडायची, मसाल्याच्या पिशवीला आणखी एक पिशवी घालायची आणि पुन्हा बंद करायची.

नोव्हेंबरच्या एका पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि पुढे न्यूयॉर्क अशा दोन्ही टप्प्यांवर फर्स्टची एकेक जागा दिसली. उड्डाण नऊ दिवसांवर. मी पॉइंट वळवायला टाकले. एकदा वळवले की ते परत येत नाहीत, आणि पोहोचायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. ते पोहोचेपर्यंत जागा दुसऱ्यानं घेतली तर हाती नुसते माइल्स. एकोणतीस तास लागले. तेवढ्या वेळात मी जागा आहे की नाही हे किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही. आईनं देवापाशी निरांजन लावलं आणि मला म्हणाली, "तू झोप. असेल तर राहील." राहिली. माइल्स लाखाच्या वर गेले, कर मिळून रोख एकेचाळीस हजार भरले. आईला आकडा सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "हे ठीक आहे."

मुंबईच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसताना तिनं मला खाली वाकायला लावलं. १९७३ मध्ये मावशी लग्न करून निघाली तेव्हा सांताक्रूझच्या सज्जातून सगळ्यांनी तिला निरोप दिला होता. मी वर्षाची, आईच्या कडेवर. एअर इंडियाची ७४७ विमानं तेव्हा नवीन होती, प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोका रंगवलेला. आई म्हणाली, "ही मागच्या कुठल्यातरी झरोक्यात बसली असणार म्हणून मी मागेच हात करत होते. आणि मनात येत होतं, नाकाशी त्या पुढच्या झरोक्यात कोण बसत असेल?" आता आई ज्या विमानानं निघाली होती तेही ७४७च होतं. त्या जातीचं शेवटचं विमान बोइंगनं २०२३ मध्ये बनवून दिलं, आता ती कमी कमी होत जाणार. लुफ्तान्साच्या त्या विमानात फर्स्टच्या आठ जागा अगदी नाकात असतात.

दुसऱ्या दिवशी रात्री एडिसनहून फोन आला. मी जेवणाचं विचारलं, सेवेचं विचारलं. ती म्हणाली, "अगं, ते सगळं होतं. पण दिवा मालवला आणि पाठ टेकली ना, तेव्हा कंबर हळूहळू सैल होत गेलेली मला कळली. सहा तास झोपले." मग तिनं फोन उभा करून ठेवला, तेव्हा मला दोघी दिसल्या. घरी पोहोचून तिला चार तास झाले होते आणि ती पलंगावर पडलेली नव्हती. मावशीच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसली होती. मावशीचा हात तिच्या हातात होता, सुया टोचून निळा पडलेला, आणि आई त्यावरून अंगठा फिरवत होती. २००९ चे ते अंथरुणातले चार दिवस मला आठवले. आठ महिने मी तिकीट शोधते आहे असं समजत होते. मी हे पहिले चार दिवस शोधत होते.

गोड्या मसाल्याची पिशवी मावशीच्या मांडीवर होती. तिनं ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि जिन्यातल्या त्याच जुन्या सुरात विचारलं, "ताई, केवढ्याला पडलं गं?"

मसाल्याचं विचारते आहे की तिकिटाचं, ते मला कळलं नाही. आईला कळलं असावं. ती म्हणाली, "संध्याकाळी घेतलं."